इंटेलच्या जुन्या मशीनला एएमडीची रॅम गळ्यात मारली

आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना कॉम्प्युटर आहे. एका सभासदानं २०१० साली घेतलेला, पुढे वाचनालयाला देऊन टाकला. इंटेलचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर, इंटेलच्याच जी४१ चिपसेटचा (प्रोसेसर आणि रॅम जोडणाऱ्या चिपांचा) बोर्ड, डीडीआर-३ प्रकारच्या रॅमचे दोन स्लॉट आणि त्यात १-१ जीबीच्या दोन स्टिक. पुस्तकांची नोंद त्याच्यावरच होते. संध्याकाळी पोरं भरतीचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला येतात, आणि दोन साईट एकदम उघडल्या की मशीन अडकून बसतं. अर्धा भरलेला फॉर्म जातो, पोरगं बिचारं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. ते बघवत नव्हतं म्हणून रॅम वाढवायचं ठरवलं. या बोर्डाला जास्तीत जास्त ८ जीबी चालते, म्हणजे ४-४च्या दोन. कार्यकारिणीनं वर्गणीतून दीड हजार मंजूर केले.

कर्जत लोकलनं दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडवरचं एक दुकान. बोर्डाचं नाव कागदावर लिहून नेलं होतं, तो कागद दुकानदारासमोर ठेवला. त्यानं तो हातातही घेतला नाही. "डीडीआर-थ्री ना? मग सगळ्याला चालते. काका, बिनधास्त न्या." ६५०ला एक, दोनचे १३००. वर म्हणाला, चालवून दाखवतो. काउंटरवर एक उघडा बोर्ड पडलेला होता, त्यात दोन्ही स्टिक बसवल्या, स्क्रू-ड्रायव्हरनं दोन पिना जोडल्या, पंखा फिरला आणि स्क्रीनवर ८१९२ एमबी आलं. अध्यक्षांना दाखवायला मी मोबाईलवर फोटो काढला. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वर लागेल" म्हणाला, आणि एका चिठ्ठीवर रक्कम लिहून खाली 'माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का मारला. पैसे मी मोबाईलवरून दिले.

वाचनालयात परत येऊन स्टिक लावल्या तर स्क्रीन काळी, नुसती बीप वाजतेय. खोडरबरानं सोनेरी दात घासले, एकेक करून लावून पाहिली, स्लॉट बदलले, बोर्डावरचा सेल काढून परत घातला. जुन्या १-१ जीबीच्या लावल्या की मशीन लगेच चालू. इथल्या दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, बोर्ड गेलाय, नवीन घ्या. त्याचं ऐकलं असतं तर आणखी दोन-अडीच हजार गेले असते.

वाचनालयात अभ्यासाला येणाऱ्या पॉलिटेक्निकच्या एका मुलानं ती स्टिक खिडकीपाशी उजेडात धरली. लेबलवर फक्त '४ जीबी पीसी३-१०६००', म्हणजे आकार आणि वेग, एवढंच छापलेलं. बाजूला डिंकाचा चौकोनी डाग होता, दुसरं काहीतरी लेबल सोलून काढल्याचा. चिप सोळा, दोन्ही बाजूंना आठ-आठ, दिसायला अगदी बरोबर. मग त्यानं हायनिक्स कंपनीच्या चिपवरचा बारीक नंबर वाचला. त्यात '२जी४३' होतं. तिथे '२जी८३' हवं होतं. तो ४ म्हणजे चिप एका वेळी ४ बिट देते, ८ असेल तर ८. ४ बिटवाल्या चिपांची असली साधी रॅम एएमडी या इंटेलच्या स्पर्धक कंपनीचे बोर्ड चालवून घेतात, इंटेलच्या डेस्कटॉपचा चिपसेट तिला ओळखतच नाही. म्हणूनच ती स्वस्त मिळते, आणि तिच्यावर 'फक्त एएमडीसाठी' असं लेबल असतं. आमच्या स्टिकवरचं ते लेबल कोणीतरी सोललं होतं.

मग मी तो फोटो उघडला. ८१९२च्या दोनच ओळी वर स्वच्छ अक्षरांत होतं: एएमडी ॲथलॉन २. माझ्या कागदावर इंटेलचं नाव होतं आणि त्यानं मला एएमडीच्या बोर्डावर चालवून दाखवली होती.

परत गेलो. तो म्हणाला, इथं तर चालली होती, तुमचा बोर्ड खराब. फोटो दाखवल्यावर आवाज खाली आला, तीनशे वर द्या, दुसरी देतो म्हणाला. त्या दुसरीच्या लेबलवर शेवटी 'आर' होता. ती सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम, डेस्कटॉपला चालतच नाही. साध्या मशीनला शेवटी 'यू' असलेलीच लागते. मी ती घेतली नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५वर तक्रार नोंदवली आहे. पक्कं बिल न देणं, सदोष माल परत घ्यायला नकार देणं, या दोन्ही गोष्टी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांची मुदत धरली जाते. माझ्याकडे बिल नाही, पण मोबाईलवरच्या पैशांची नोंद आहे, चिठ्ठी आहे आणि तो फोटो आहे. उत्तर अजून आलेलं नाही. १३०० रुपये मी माझ्या खिशातून वाचनालयात भरले.

तुम्ही जुन्या मशीनला रॅम घ्यायला जाणार असाल तर जुनी स्टिक सोबत न्या, आणि शक्य असेल तर कॅबिनेटच घेऊन जा. जड आहे, पण आपल्याच बोर्डावर चालवून बघता येते. जी४१साठी ४ जीबीची स्टिक घेताना लेबलवर '२आर×८' (चिपांचे दोन गट, प्रत्येक चिप ८ बिटची) आणि 'यू' दोन्ही पाहिजेत. एकूण आठच चिप असलेली ४ जीबीची स्टिक या बोर्डावर धड चालत नाही, मग ती कितीही नावाजलेल्या कंपनीची असो. दुकानात चालवून दाखवली तर स्क्रीनवर प्रोसेसरचं नाव आधी वाचा, एमबीचा आकडा नंतर. विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम त्याला वापरताच येत नाही, तेही आधी तपासा.

शेवटी कर्जतमध्येच एका बंद पडलेल्या इंटेलच्या मशीनमधल्या दोन स्टिक मिळाल्या, २आर×८, आमच्या बोर्डावर लावून बघूनच घेतल्या. रात्रभर मेमटेस्ट ही रॅम तपासणारी चाचणी चालवली, एकही चूक आली नाही. त्या दोन एएमडीच्या स्टिक भंगारवाल्यानं मागितल्या होत्या. मी दिल्या नाहीत. कपाटाच्या खणात आहेत, वर चिठ्ठी चिकटवली आहे: 'इंटेलला चालत नाही. कोणाला विकू नये.'