'युनियन बजेट' ॲप आणि इंडियाबजेट संकेतस्थळ: कशासाठी कोणतं वापरावं

केंद्रीय अर्थसंकल्पाचं भाषण 1 फेब्रुवारीला सकाळी 11 वाजता सुरू होतं, पण त्या वेळी ॲप उघडून उपयोग नाही. भाषण पूर्ण झाल्यावरच सगळे 14 दस्तऐवज खुले होतात. 2021 साली अर्थसंकल्प कागदविरहित झाला तेव्हा हे ॲप आलं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर फुकट चालतं. एखादं पान पटकन बघायला उत्तम, पण आकडेमोड करायची तर संगणकावर संकेतस्थळच उघडा. तिथे बरेच तक्ते एक्सेलमध्ये मिळतात.

बहुतेक जण आधी भाषण उघडतात. आमच्या मते सुरुवात 'बजेट ॲट अ ग्लान्स', म्हणजे अर्थसंकल्पाच्या गोषवाऱ्यापासून करावी. त्यात चार रकाने असतात: मागच्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. गफलत होते ती इथेच. 2025-26 साठी भांडवली खर्च (रस्ते, रेल्वे अशा टिकाऊ मालमत्तांवरचा) 11.21 लाख कोटी रुपये धरला होता. 2024-25 च्या मूळ 11.11 लाख कोटींशी ताडला तर वाढ जेमतेम एक टक्का. पण ती तरतूद सुधारित अंदाजात 10.18 लाख कोटींवर आली होती, आणि तिच्याशी ताडला तर तीच वाढ 10 टक्के! कुणी टक्केवारी सांगितली की ती कुठल्या रकान्यावरून काढली, हे आधी विचारा.

2024-25 चे तर दोन संच आहेत, फेब्रुवारीचा अंतरिम (निवडणुकीआधीचा तात्पुरता) आणि 23 जुलै 2024 चा पूर्ण. तुलनेला जुलैचाच घ्या.

कराचे दर भाषणात सापडले तरी नेमका मजकूर वित्त विधेयकात असतो. विधेयकाची भाषा जड वाटली तर सोबतचं स्पष्टीकरणात्मक निवेदन वाचा. बदल कोणत्या तारखेपासून लागू, हेही त्यात कलमवार दिलेलं असतं.

मोठी उणीव भाषेची. सगळं फक्त इंग्रजी आणि हिंदीत, मराठी नाहीच. इतक्या लोकांच्या खिशाशी संबंध असलेल्या दस्तऐवजाचा निदान सारांश तरी मराठीत हवा. महाराष्ट्राचा अर्थसंकल्पही इथे शोधू नका. तो साधारण मार्चमध्ये विधिमंडळात मांडला जातो, आणि त्याची कागदपत्रं राज्याच्या वित्त विभागाकडे असतात.

संकेतस्थळावरचा जुन्या भाषणांचा विभाग मात्र आवर्जून बघा. 1947 पासूनची भाषणं आहेत, त्यात चिंतामणराव देशमुख, यशवंतराव चव्हाण आणि मधु दंडवते या मराठी अर्थमंत्र्यांचीही.