ईट्रेक्स २२एक्स : परतीच्या वाटेपुरते भरवशाचे

मोबाइल असताना जीपीएससाठी वेगळे यंत्र कशाला, असे कर्जत लोकलमध्ये कोणीतरी दरवेळी विचारतेच. गेल्या पावसाळ्यात खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकरला निघालो असता त्याचे उत्तर मिळाले. वरच्या रानात धुके इतके दाटले की मळलेली वाट कोणती आणि ढोरवाट कोणती हे कळेनासे झाले, आणि ओल्या बोटांना मोबाइलचा पडदा दाद देईना. गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स २२एक्स या हातात धरायच्या जीपीएस यंत्राला बटणे असल्याने ते भर पावसातही वापरता आले. खांडसपासून त्यात आपोआप नोंदवली गेलेली आमचीच वाट उलटी धरून आम्ही सुखरूप उतरलो. चकवा लागण्याची भीती एवढ्यापुरती तरी मिटते.

पडदा २.२ इंचांचाच आहे, पण भर उन्हात आतला दिवा न लावताही तो स्पष्ट वाचता येतो. दोन डबल-ए सेलवर यंत्र सुमारे २५ तास चालते, असा कंपनीचा दावा आहे. माझ्या दोन दिवसांच्या भटकंतीला एक जोडी पुरते, आणि असले सेल कोणत्याही स्थानकाबाहेर मिळतात.

मर्यादाही माहीत असाव्यात. याच मालिकेतील ३२एक्समध्ये असलेले वायुदाबावरील उंचीमापक आणि इलेक्ट्रॉनिक होकायंत्र यात नाही. होकायंत्र नसल्याने यंत्राला दिशा आपल्या चालण्यावरूनच कळते, म्हणून चालत राहावे लागते, आणि माणूस गोंधळून उभा राहतो नेमका तेव्हाच पडद्यावरचा दिशादर्शक बाण निरुपयोगी ठरतो. साधे होकायंत्र सोबत ठेवावेच. शिवाय कड्याखाली किंवा घळीत आकाश कमी दिसते आणि उपग्रहांचे संकेत कातळावर आपटून येतात, म्हणून नोंदवलेली रेघ कधीकधी थेट कड्याच्या पोटातून जाताना दिसते. ठरवलेल्या ठिकाणाचे अंतरही सरळ रेषेत मोजलेले असते. ‘४०० मीटर’ वाचून पाऊल उचलावे, तर मध्ये दरी निघते.

दुकानातील विक्रेत्याने मला हे यंत्र ‘संकटात संदेशही पाठवते’ म्हणून सांगितले होते, ते साफ चुकीचे आहे. हे यंत्र उपग्रहांचे केवळ ऐकते. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे निराळी असून भारतात ती परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत.

बऱ्याच दिवसांनी सुरू केल्यावर उपग्रह सापडायला त्याला थोडा वेळ लागतो, म्हणून खांडसला चहा होईपर्यंत मी ते उघड्यावर, टपरीच्या बाकड्यावर ठेवून देतो.