‘मॅचिंग नंबर्स’ म्हणून घेतलेली कॅमारो

ओहायोतल्या एका माणसाकडून मी १९६९ची शेव्हरोले कॅमारो झेड-२८ घेतली. अर्धवट उघडलेली, प्रोजेक्ट म्हणून विकायला काढलेली गाडी, ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणजे मूळचंच इंजिन असलेली असं सांगून दिलेली. ४३,५०० डॉलर मोजले. ती झेड-२८ नव्हती. मिशिगन-ओहायोच्या या पट्ट्यात गाड्यांच्या धंद्यात काम करणारे आपले बरेच मराठी लोक आहेत आणि जुनी मसल कार (ताकदवान इंजिनाची अमेरिकन गाडी) घेऊन हाताने उभी करायची हौस त्यांच्यातल्या अनेकांना आहे. माझ्या ओळखीतले दोघे आत्ताही गाडी शोधतायत. त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

झेड-२८ला एवढा भाव का, ते आधी सांगतो. ट्रान्स-ॲम शर्यतीत इंजिनाला ३०५ घनइंचांची मर्यादा होती. तिच्यात बसावं म्हणून शेव्हरोलेने ३०२ घनइंचांचं इंजिन घालून ही गाडी काढली. १९६९च्या मॉडेलच्या एकूण कॅमारो बनल्या २ लाख ४३ हजारांच्या आसपास, त्यांत झेड-२८ फक्त २०,३०२. म्हणजे बारांत एक. बाकीच्या अकरांपैकी कुठलीही गाडी पट्टे, बिल्ले आणि मागचा स्पॉयलर लावला की लांबून तशीच दिसते.

आणि इथे व्हीआयएनचा, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचा, उपयोग होत नाही. माझ्या गाडीचा नंबर १२४३७९एन असा सुरू होतो. १ म्हणजे शेव्हरोले, २४ म्हणजे व्ही-८ कॅमारो, ३७ म्हणजे कूपे, ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे नॉरवूडचा कारखाना. साध्या ३०७ इंजिनाच्या गाडीचा नंबरही असाच सुरू होतो. फोर्डची मस्टँग असेल तर ती कारखान्यातून कशी निघाली हे सांगणारा मार्टी रिपोर्ट मागवता येतो, पॉन्टिॲक असेल तर पीएचएस (पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) या संस्थेकडून मूळ बिलाची प्रत मिळते. अमेरिकेत विकलेल्या कॅमारोसाठी तशी सोय नाही. मग मदार कशावर? पहिल्या मालकाने जपलेले कागद, फायरवॉलवरचा (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावरचा) ट्रिम टॅग, म्हणजे गाडी कधी आणि कुठल्या रंगात बनली ते सांगणारी छोटी पट्टी, आणि इंजिनावर ठोकलेले आकडे. हे तिन्ही खोटे बनवता येतात.

विकणारा माणूस साठीच्या पुढचा, बोलायला अतिशय गोड. गाडी वडिलांची होती म्हणाला. कागद घर बदलताना हरवले म्हणाला. मी टॅग वाचला: ०१सी, म्हणजे जानेवारीचा तिसरा आठवडा. एक्स३३, म्हणजे झेड-२८. रंग ७२, म्हणजे हगर ऑरेंज. मग इंजिनाचा पॅड पाहिला. उजव्या हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) पुढे ब्लॉकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाची, जी लहानशी सपाट जागा असते, तिथे व्ही०११०डीझेड असा शिक्का होता: व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, ०११० म्हणजे १० जानेवारी, डीझेड म्हणजे ३०२ इंजिन. शेजारी गाडीच्या व्हीआयएनचे शेवटचे आकडे, तंतोतंत. ब्लॉकच्या मागे ड्रायव्हरच्या बाजूला कास्टिंग नंबर (ओततानाच उमटवलेला नंबर) ३९७००१०, तोही डीझेड इंजिनाच्या यादीतला. सगळं जुळत गेलं तसा मी हुरळत गेलो. ओतल्याची तारीख पलीकडच्या बाजूला असते. तिथे रंगाचा आणि ग्रीसचा जाड थर होता, मी हात घातला नाही. त्याच संध्याकाळी पैसे दिले.

गाडी घरी आली. रविवारी व्हिडिओ कॉलवर कोल्हापूरला बाबांना इंजिन दाखवत होतो. बाबांनी शिरोलीच्या एमआयडीसीत तीस वर्षं फाउंड्रीत काढलीत. त्यांनी कॅमारो कधी पाहिलेली नाही, पण ओतीव लोखंड त्यांना कळतं. नंबर ऐकून घेतले आणि विचारलं, “ओतल्याची तारीख बघितलीस काय रे?”

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवला. रॉकेल आणि पितळी ब्रश घेऊन ब्लॉकची मागची कड घासत बसलो. केशरी रंगाच्या पापुद्र्याखालून आधी सी आला, मग १२, मग ९. सी म्हणजे मार्च. १२ मार्च. टॅगप्रमाणे गाडी तयार झाली जानेवारीत, शिक्क्याप्रमाणे इंजिनही जोडलं गेलं जानेवारीत, आणि त्याचा ब्लॉक ओतला गेला मार्चमध्ये! शेवटचा ९ तर १९६९चा की १९७९चा, तेही सांगता येत नाही, कारण वर्षाचा एकच आकडा ओततात आणि हा ब्लॉक ३५० इंजिनासाठी पुढे कित्येक वर्षं वापरात होता. कुठलंही वर्ष धरा, खोटं ते खोटंच.

मग हेड उघडलं. ३०२ आणि ३५० या दोन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, चार इंचच असतो, बाहेरून फरक दिसत नाही. फरक स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो त्या अंतरात. ३०२चा तीन इंच. माझा भरला ३.४८. साधं ३५० इंजिन.

पॅडही भिंगाखाली घेतला. कारखान्यात ही जागा ब्रोच या दातेरी हत्याराने तासायचे, त्यामुळे तिच्यावर पुढून मागे जाणाऱ्या बारीक सरळ रेघा राहतात, कंगवा फिरवल्यासारख्या. माझ्या पॅडवर त्या नव्हत्या, होत्या त्या गोल वळणाच्या खुणा. जुना शिक्का तासून काढून नवा ठोकला होता. हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं, कारण त्या पॅडवर माझं बोट फिरलं होतं.

आता टॅगवरचाही विश्वास उडाला. दाराचं आतलं पॅनेल काढलं तर आत फिकट निळा रंग. दार बदललेलं असू शकतं, म्हणून डॅशबोर्डच्या खाली, पाय ठेवतो तिथल्या बाजूचं किक पॅनेलही काढलं. तिथेही तोच निळा. गाडी कारखान्यातून निळी निघाली होती, केशरी नव्हे. असे टॅग नवे छापून मिळतात हे मला तोवर माहीत नव्हतं. शेवटी हीटरचा डबा काढून फायरवॉलवरचा लपलेला नंबर पाहिला. तो डॅशबोर्डवरच्या व्हीआयएनशी जुळला. म्हणजे गाडी चोरीची तरी नव्हती. त्या रात्री तेवढ्यावरच झोप लागली.

विकणाऱ्याला फोन केला. “मला जशी मिळाली तशी दिली,” म्हणाला. पुढचे फोन उचललेच नाहीत. वडिलांची गाडी म्हणणारा माणूस ‘मिळाली’ म्हणतो, यातच सगळं आलं. वकिलाने खरेदीचा कागद वाचला. त्यावर फक्त ‘१९६९ शेव्हरोले कॅमारो, आहे त्या स्थितीत’ एवढंच होतं. झेड-२८ हा शब्द जाहिरातीत होता, तोंडी होता, सहीच्या कागदावर नव्हता. आणि जाहिरातीचा फोटोही मी काढून ठेवला नव्हता. दुसऱ्या राज्यात दावा लावायचा खर्च ऐकून मी थांबलो. बायकोला हे सांगणं सगळ्यात जड गेलं. त्यातले पैसे मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेले होते.

म्हणून कळकळीने सांगतो. जो दावा भाव वाढवतोय, तो विकणाऱ्याच्या सहीने खरेदीच्या कागदावर उतरवून घ्या. लिहायला नकार दिला तर साध्या कॅमारोचा भाव द्या, नाहीतर परत या. नंबर जुळला की तारखा लावा: आधी ब्लॉक ओतला जातो, मग इंजिन जोडलं जातं, मग गाडी. हा क्रम उलटा होऊच शकत नाही. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा लहान आरसा, टॉर्च आणि चिंधी बरोबर न्या. ताजा रंग नेमका आकड्यांवरच दिसला तर तो पुसायची परवानगी मागा आणि ती मागताना समोरच्याचा चेहरा पाहा. जाणकार माणसाला फी देऊन बरोबर न्या, मी तेवढ्यासाठी हात आखडता घेतला. आणि त्याच दिवशी पैसे देऊ नका. आठवडाभर थांबलो असतो तर मधे बाबांचा रविवारचा फोन झाला असता.

गाडी मी विकणार नाही. विकली तर तो शिक्का पुढच्या माणसाला फसवेल. खोटा टॅग काढून ठेवलाय, निळा रंग परत चढवतोय, आणि ब्लॉकच्या तारखेचा फोटो गाडीच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावलाय. आसपास कुणी अशी गाडी बघायला निघाला असाल तर मला बरोबर न्या. आरसा आणि टॉर्च गाडीतच असतात.