हाकोने की किनोसाकी? रियोकानची एक रात्र कुठे काढावी

जपानच्या सहलीत रियोकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी सराईत, एकच रात्र बसत असेल, तर निवड बहुधा गरम झऱ्यांच्या दोन गावांवर येऊन अडते: टोकियोजवळचं हाकोने किंवा ह्योगो प्रांताच्या उत्तर टोकाचं किनोसाकी. डोंगर आवडतो की नदी, हा प्रश्न नंतरचा. आंघोळ कुठे करायची आहे, ते आधी ठरवा.

हाकोनेत रियोकान डोंगरभर विखुरलेले आहेत आणि स्नान मुक्कामाच्या जागीच होतं. स्वतःचं उघड्यावरचं कुंड, म्हणजे रोतेनबुरो, असलेल्या खोल्या इथे पुष्कळ मिळतात. महाग असतात, पण सामाईक कुंडात अंगावर एकही कपडा चालत नाही हे लक्षात घ्या. स्त्री-पुरुष वेगळे असले तरी आई-मुलगी, सासू-सून एकाच बाजूला जातात. हा संकोच सुटणार नसेल, किंवा नवरा-बायकोला एकत्र डुंबायचं असेल, तर हाकोनेच घ्या.

किनोसाकीत गावच स्नानगृह आहे. सात सार्वजनिक स्नानगृहं, पाहुण्यांना त्यांचा पास रियोकानकडून फुकट आणि संध्याकाळी युकाता (सुती झगा) आणि गेता (लाकडी चपला) घालून नदीकाठच्या विलोच्या झाडांखालून एकातून दुसऱ्यात जायचं. रियोकानमधली कुंडं मात्र बहुधा लहान असतात. स्नानगृहांच्या आठवड्याच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी असतात, त्या आधी बघा. अंगावर टॅटू असेल तरीही किनोसाकी सोयीचं, कारण तिथल्या सार्वजनिक स्नानगृहांत तो चालतो. हाकोनेत ते त्या त्या रियोकानवर अवलंबून.

सातही एका संध्याकाळी उरकायचा मोह टाळा. पाणी साधारण 40 ते 42 अंश असतं. रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो आणि झटकन उठलं की चक्कर येते. जेवणाआधी दोन, नंतर एक, सकाळी एक, दर वेळी पाच-सात मिनिटं एवढं पुरे. मधे पाणी प्या, साके, म्हणजे तांदळाची दारू, स्नानानंतरच. पाण्यात उतरण्याआधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग धुवायचं, फेस पूर्ण काढायचा, केस वर बांधायचे. छोटा टॉवेल कुंडात बुडवायचा नाही. युकाताची डावी बाजू उजवीवर घ्या. उलट बाजू मृतदेहाला नेसवतात.

हाकोनेत काही ठिकाणी गंधकाचं दुधट पाणी आहे. त्यात पैंजण-जोडवी काळी पडतात, काढूनच उतरा. किनोसाकीचं पाणी खारट, अंगाची ऊब बराच वेळ टिकवणारं.

शाकाहाऱ्यांनी दोन्ही गावांत जेवणाबाबत खास सावध राहावं. नुसतं ‘मांस-मासे नको’ सांगून भागत नाही, कारण दाशी हा रस्सा बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचा असतो आणि तो भाजीतही पडतो. बुकिंग करतानाच ‘दाशीसुद्धा नको’ असं लिहून जमेल का ते विचारा. दारात पोहोचल्यावर स्वयंपाकघर काही बदलू शकत नाही. नकार आला तर सुदोमारी, म्हणजे जेवणाशिवायचा मुक्काम, घ्या. नोव्हेंबर ते मार्च किनोसाकीचं जेवण मात्सुबा खेकड्याभोवती फिरतं. मासे-खेकडे आवडीने खाणाऱ्या कोकणी जिभेला याहून चांगला हंगाम नाही, पण दरही तेव्हाच चढतात. भाव माणशी सांगितला जातो, खोलीचा नव्हे, हेही हिशेबात धरा.

टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनहून ओदाक्यू रेल्वेची रोमान्सकार ही एक्स्प्रेस गाडी सुमारे दीड तासात हाकोने-युमोतोला पोहोचते. हाकोने फ्री पास या प्रवासी पासमध्ये तिचा जादा आकार येत नाही. क्योतोहून किनोसाकीला थेट एक्स्प्रेसने सुमारे अडीच तास लागतात आणि जपान रेल पास चालतो. म्हणून क्योतो-ओसाकात मुक्काम असेल आणि सर्वांसमोर स्नानाची तयारी असेल, तर आमचा कौल किनोसाकीला.

हाकोनेत हमखास फसतं ते वेळेचं गणित. केबल कार, ओवाकुदानी या ज्वालामुखीच्या दरीवरचा रोपवे, आशी तळ्यातली बोट हे सगळं करून लोक सात वाजता रियोकानवर पोहोचतात, आणि जेवण सहा-साडेसहाला ठरलेलं असतं. त्यातच वारा किंवा ज्वालामुखीचा वायू वाढला की रोपवे थांबतो. मुक्कामाच्या दिवशी तीन-चारपर्यंत पोहोचा, फिरणं दुसऱ्या दिवशी ठेवा. मोठी बॅग आदल्या दिवशी हॉटेलातून ताक्क्यूबिनने, म्हणजे सामान पोहोचवणाऱ्या कुरियरने, पुढच्या शहरात पाठवा, कारण तातामीवर (खोलीतल्या गवती चटयांवर) चाकं ओढता येत नाहीत.