नोकोडीबी स्वतःच्या सर्व्हरवर: ८ महिने वापरून

आमच्या उपकरणांची यादी एका एक्सेल फाइलमध्ये होती आणि त्या एका फाइलच्या ५ प्रती ५ जणांकडे. खरी कोणाची, यावरून दर महिन्याला वाद. म्हणून डेबियन लिनक्सच्या एका जुन्या सर्व्हरवर डॉकरमधून (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या बंदिस्त डब्यात चालवणारं साधन) नोकोडीबी टाकलं; डेटाबेस ब्राउझरमध्ये एक्सेलसारख्या टेबलात दाखवणारं हे सॉफ्टवेअर. एक कमांड दिली, ब्राउझरमध्ये ८०८० पोर्ट उघडला, टेबल दिसलं. झालं काम, असं सगळ्यांना सांगून मोकळा झालो.

घाईत कमांडमधला व्हॉल्यूमचा, म्हणजे डेटा कंटेनरच्या बाहेर ठेवण्याचा, भाग गाळला होता. वेगळं काही सांगितलं नाही तर नोंदी एसक्यूलाइटच्या (एका फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस) फाइलमध्ये जातात, आणि माझी ती फाइल कंटेनरच्या पोटात होती. बाराव्या दिवशी नवी आवृत्ती घ्यायला कंटेनर काढून टाकला, त्याबरोबर १२ दिवसांच्या नोंदीही गेल्या. दोष द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्यांदा कंपोज फाइल (कोणते कंटेनर कसे चालवायचे याची डॉकरसाठीची यादी) लिहून पोस्टग्रेस या वेगळ्या डेटाबेस सर्व्हरसकट बसवलं. पोस्टग्रेसच्या इमेजला (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) 'लेटेस्ट' न लावता आवृत्तीचा आकडा लिहिला, कारण मोठी आवृत्ती बदलली की जुनी डेटा डिरेक्टरी नवा सर्व्हर उघडत नाही. यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये ८०८० बंद होता म्हणून मी निर्धास्त. एकदा मोबाइलच्या डेटावरून सहज पत्ता टाकला तर लॉगिनचं पान समोर! डॉकर आपले नियम थेट आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉल नियमांत) घालतो, यूएफडब्ल्यूला विचारत नाही. तेव्हापासून पोर्ट १२७.०.०.१ ला, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरता, बांधलाय.

नंतर नोकोडीबीच्या पुढे एनजिनएक्स (बाहेरून आलेल्या रिक्वेस्ट आत पोचवणारा वेब सर्व्हर) लावल्यावर फोटो चढेनात. छोटे चढायचे, मोबाइलने काढलेले ४१३ ('रिक्वेस्ट फार मोठी' हा एरर) देऊन परत. एनजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी रिक्वेस्ट घेतच नाही. कॉन्फिगमधली एक ओळ बदलायची होती, ती सापडेपर्यंत संध्याकाळ गेली.

रोजच्या वापरात मला सगळ्यात आवडला तो फॉर्म व्ह्यू. लोक फॉर्म भरतात, मूळ टेबलाला हात लागत नाही. दुरुस्तीच्या नोंदी उपकरणाशी लिंक केल्या की रोलअपमध्ये (लिंक केलेल्या नोंदींचा एकत्रित आकडा दाखवणारा कॉलम) खर्चाची बेरीज आपोआप दिसते. एक्सेलची सवय असलेल्यांना मात्र अडतं: फॉर्म्युला अख्ख्या कॉलमला लागतो, 'या एकाच सेलमध्ये वेगळं' चालत नाही. आमच्या हिशेब बघणाऱ्या मॅडम यावरून २ महिने माझ्याशी धड बोलत नव्हत्या.

बॅकअपसाठी रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) पीजी-डम्प, म्हणजे पोस्टग्रेसमधल्या डेटाची प्रत, निघायचा. सहाव्या महिन्यात तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघितला. ओळी सगळ्या आल्या, फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. माझ्याकडे अटॅचमेंट डिस्कवर असतात, डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा ठावठिकाणा. आता अटॅचमेंटचं ते फोल्डरही आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या साधनाने दुसरीकडे जातं.

मागच्या आठवड्यात एकाने ती जुनी एक्सेल फाइल मेलवर पाठवली, 'अपडेट केलीय, बघून घ्या' म्हणून.