नकाशा नाही, बाहुल्या नाहीत, तरी सगळं दिसलं: घरी येऊन डी अँड डी खेळवणाऱ्या डीएमबद्दल

डी अँड डी, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, हा फासे टाकत गोष्ट जगायचा खेळ: डीएम (डंजन मास्टर) गोष्ट सांगून खेळ चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. आमच्या नायगावच्या घरात जेवणाचं टेबल चार बाय तीन फुटांचं. पाच जणांचे कागद, फासे आणि चहाचे कप ठेवले की संपलं. एक इंचाला पाच फूट या मापाचा लढाईचा नकाशा पसरायचा म्हणजे कप खिडकीत. म्हणून ‘नकाशा लागणार नाही, मी बोलूनच दाखवते’ म्हणणारी डीएम कळली तेव्हा लगेच बोलावलं. माणशी 600 रुपये, तीन तास, फासे तिचेच, खेळ मराठीतून. पैसे पुरेपूर वसूल झाले.

तिची मोठी ताकद म्हणजे मापं. ती अंतर फुटांत सांगतच नाही. आम्ही पडक्या गढीत शिरलो, भाच्याने दार ढकललं. ती म्हणाली, “आत सहा गॉब्लिन, बुटके राक्षस. खोली बीडीडी चाळीतल्या खोलीएवढी.” बस्स! नायगावकरांना आणखी काय सांगायचं? मुंबईतल्या या जुन्या चाळींतली खोली म्हणजे 160 चौरस फूट, एक दार, समोर खिडकी, कोपऱ्यात मोरी. खेळाच्या पाच फुटी चौकोनांत मोजली तर साडेसहा चौकोनसुद्धा भरत नाहीत. आत सहा जण म्हणजे पाय ठेवायला जागा नाही, हे पाचही जणांच्या एकदम ध्यानात आलं. भाची जादूगार. तिने फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याची जादू, म्हणताच शेजारचे काका ओरडले, “अगं, आपण दारातच उभे आहोत!” त्या जादूची त्रिज्या 20 फूट, म्हणजे खोलीसकट आम्हीही गेलो असतो. मग दार ओढून बाहेरून कडी घातली, गॅलरीतून वळसा घेतला आणि खिडकीतून जळता बोळा आत टाकला. नकाशा समोर असता तर आम्ही चौकोन मोजत बसलो असतो, गॅलरी कुणाला सुचली नसती.

उघड्या माळावर तिने तीनच अंतरं ठेवली: अंगाला अंग, एका धावेत, लांब. फायरबॉल तिथे पडला तेव्हा किती जण सापडले यावरून वाद झाला नाही, कारण नियमांच्या 2014च्या आवृत्तीत डीएमसाठी सोपा हिशोब दिलेला आहे, गोल आकाराच्या जादूची त्रिज्या भागिले पाच. वीस फुटांना चार जण. तिने तो खेळ सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवला होता. हा खेळ 1974 साली छोट्या बाहुल्या मांडून खेळायच्या युद्धखेळांतूनच निघाला, म्हणून नियमांत जागोजागी फूट भेटतात. पण त्या 2014च्या नियमांत चौकोनांचा नकाशा ऐच्छिकच आहे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. प्रत्येकाची पाळी आली की आधी ती एका वाक्यात चित्र ताजं करते. “दादा, तुमच्या डाव्या हाताला विहीर, समोर जखमी सरदार, मागे छप्पर पेटलंय. काय करता?” कुणी फोनमध्ये डोकं घातलं असेल तरी तो परत खेळात येतो. काकांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की त्यांना डोळे मिटून चित्र असं दिसतच नाही. अशी माणसं असतात. अॅडम झेमन यांनी 2015मध्ये त्याला अफँटेशिया हे नाव दिलं. ती काकांना रंगरूप सांगत बसली नाही. कशाच्या मागे लपता येईल, आवाज कुठून येतोय, वास कसला, एवढंच सांगत गेली. काका शेवटपर्यंत सगळ्यात पुढे होते.

उणीव शेवटच्या लढाईत दिसली. अंगण, जिना, माडी आणि नऊ शत्रू. भाचा चोरपावलांनी ज्याच्या मागे गेला तो पहारेकरी त्याच्या समजुतीप्रमाणे अंगणात होता, तिच्या हिशोबाने माडीवर. पोरगं हिरमुसलं. तिने त्याची चाल परत घेऊ दिली, मग तीन कोऱ्या कार्डांवर ‘अंगण’, ‘जिना’, ‘माडी’ लिहून मांडलं आणि आम्ही आपापला फासा कार्डावर ठेवला. गुंता सुटला. माझं स्पष्ट मत आहे की दोन मजले असले की ही कार्डं पहिल्या फाशाआधीच टेबलावर यावीत. एवढी जागा आमच्या टेबलावरही आहे.

ज्यांना एकेक पाऊल मोजून डाव रचायला आवडतो त्यांनी नकाशावालाच डीएम शोधावा, इथे चुटपुट लागेल. घरच्यांबरोबर पहिल्यांदा खेळणार असाल तर हिला बोलवा. बोलावताना तुम्ही कुठल्या भागात वाढलात ते आधी सांगून ठेवा, ती मापं त्यावरून ठरवते. आणि संध्याकाळी पाचच्या आत सुरू करा. आमच्याकडे तीनाचे चार तास झाले, वरचे पैसे तिने घेतले नाहीत, पण तिला विरारची गाडी गाठायची होती.