पंख्याची चूल: पोळ्यापासून आजवर

पोळ्याला बॅटरीवरच्या पंख्याने हवा फुंकणारी लाकडाची चूल घेतली. डिसेंबरात तिचा पंखा जळाला त्याच सकाळी शिव्या घालत हे लिहायला घेतलं होतं. अंघोळीचं पाणी अर्धंच तापलं होतं. बरं झालं तेव्हा पूर्ण केलं नाही.

चूल साडेतीन हजारांची. खालच्या भोकांची हवा लाकूड धुमसवते, वरच्या भोकांची हवा धूर जाळते. धूर खरंच जवळजवळ नाही, पातेल्याची बुडं घासायचं काम अर्ध्यावर आलं.

पण ते जळणाचे तुकडे! माहितीपत्रक म्हणतं, दोन-दोन इंचांचे करा. आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. झाडं कमी, जळण म्हणजे पऱ्हाट्या, कपाशीची वाळलेली झाडं. पऱ्हाटी वाकडीतिकडी. विळ्याने तोडावी तर सालीची दोरी लोंबते, कुऱ्हाड मारावी तर तुकडा उडून गोठ्यात. टोपलीभर तोडायला रोज अर्धा तास. आई बघून म्हणाली, "चुलीले घास भरवून रायला का रे बाबू?" जास्त तोडून ठेवावं, तर गुलाबी बोंडअळीचे कोष पऱ्हाट्यांत राहतात म्हणून ढीग ठेवू नका, असं कृषी विभागवाले सांगतात. बरोबरच आहे त्यांचं. पण वर्षभर जाळायचं काय?

तर पंखा. कंपनीला फोन केला. सुटा मिळत नाही, वॉरंटीत येत नाही, अख्खी चूल पाठवा, चौदाशे रुपये, भाडं वेगळं. फोन ठेवला आणि बुडाचे चार स्क्रू काढले. आत राख, वितळलेलं प्लॅस्टिक आणि कॉम्प्युटरात असतो तसाच १२ व्होल्टचा पंखा. एकशे ऐंशीत नवा आणला. फ्रेमवर दोन बारीक बाण असतात, एक फिरण्याचा, एक हवेचा. मी ते न बघता उलटा बसवला आणि धूर चुलीतून खाली, बॅटरीच्या डब्यातून निघाला. पुन्हा चार स्क्रू.

जळाला माझ्याच कंजूषपणाने. बॅटरी वाचावी म्हणून स्वयंपाक झाला की लगेच बंद करायचो. आत निखारे तसेच, हवा थांबली की आच खाली पंख्यावर उतरते. आता राख होईस्तोवर फिरू देतो.

बॅटरीही मरायला टेकली होती, म्हणून फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची जोडली. पंखा जेमतेम ०.१५ अँपिअर घेतो, आठवडा आरामात निघतो. २०१७ मध्ये यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेव्हापासून आई पंपाची कुठलीच वस्तू घरात येऊ देत नाही. बॅटरी पुसून उंबऱ्याबाहेर ठेवली, वायर तेवढी आत घेतली, तेव्हा कुठे चूल पेटवू दिली.

मग जानेवारीत तूर झोडली आणि माझं मत फिरलं. तुराटी हाताने कटकन मोडते, कुऱ्हाडीचं कामच नाही. मूठभर टाकली की भात शिजतो. तुराट्या असतील त्यांनी खुशाल घ्या. नुसत्या पऱ्हाट्यांवर असाल तर आधी माझा अंगठा बघून जा.

भाकर मात्र हिच्यावर नाही. आच मधोमधच लागते, भाकर मधे करपते, कडा कच्च्या. शेकायला चुलीच्या तोंडाशी इस्तो, म्हणजे निखारे, ओढावा, तर तो हिच्या डब्याच्या तळाशी. म्हणून मातीची चूल शेजारी तशीच आहे, आणि मी तोडून ठेवलेले दोन-दोन इंचांचे तुकडे आई ती पेटवायला नेते.